उत्क्रांती नेमकी घडते कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. तो शिकवताना मुलं काही प्रश्न विचारतात, आणि कापूस पिकवणारे त्यांचे पालक भेटले की तेही जवळजवळ तेच विचारतात. शब्द तेवढे वेगळे असतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे मांडली आहेत.

उत्क्रांती म्हणजे प्रगती ना?

नाही, आणि हा गैरसमज थोडा आपल्या शब्दामुळेच झाला आहे. ‘उत्क्रांती’मधला ‘उत्’ वर जाण्याचा आहे. त्यामुळे शब्द ऐकताच डोळ्यांपुढे जिना उभा राहतो: सगळ्यांत खाली अमिबा, मग मासा, बेडूक, माकड आणि शेवटच्या पायरीवर माणूस. जीवशास्त्रात या शब्दाचा अर्थ बराच साधा आहे. एखाद्या जातीच्या समूहात पिढ्यांमागून पिढ्या जनुकांचं, म्हणजे आई-बापांकडून पिल्लांत उतरणाऱ्या गुणांच्या डीएनएमधल्या सूचनांचं, प्रमाण बदलत जातं, तो बदल म्हणजे उत्क्रांती. तो वर न्यायला हवा असा काही दंडक नाही. माणसाच्या पोटातल्या पट्टकृमीला स्वतःचं आतडं उरलेलं नाही, कारण तो आयत्या पचलेल्या अन्नात पोहतो. अंधाऱ्या गुहांमधल्या कित्येक माशांचे डोळे गेले. हीसुद्धा उत्क्रांतीच.

बोंड अळीला बीटीची ‘सवय’ झाली, असं सगळे म्हणतात. ते बरोबर आहे का?

अळी बदलली हे बरोबर, पण ‘सवय’ हा शब्द चुकीचा. आणि संपूर्ण उत्क्रांती समजण्याची किल्ली याच चुकीत आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचं, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं, जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीने बोंड कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्यात जातं, तिथल्या पेशींवरच्या ठरावीक रेणूंना चिकटतं, आतड्याला भोकं पाडतं आणि अळी मरते. आता लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिच्या आतड्यातल्या त्या रेणूची घडणच जन्मतः वेगळी असते. प्रथिनाला चिकटायला जागा मिळत नाही. बीटी येण्याआधी या वेगळेपणाचा तिला काडीचा उपयोग नव्हता. बीटी आलं, शिवारातल्या बाकीच्या मेल्या आणि ही उरली. तिच्या पिल्लांना तोच रेणू मिळाला, आणि पुढच्या पिढीत अशा अळ्यांचं प्रमाण वाढलं.

म्हणजे कुठलीही एक अळी आयुष्यात बदलली नाही. जी मरायची ती मेली, जी जगायची ती जगली. बदलला तो सगळ्या अळ्यांचा मिळून होणारा समूह. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. तिला तीनच गोष्टी लागतात: समूहात फरक हवेत, ते फरक पिल्लांत उतरायला हवेत, आणि त्या फरकांमुळे कुणाची पिल्लं जास्त, कुणाची कमी जगायला हवीत. या तिन्ही असल्या की निवड होणारच, ती थांबवायला कुणी नसतं.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणाऱ्या गुलाबी बोंड अळ्या सापडल्या होत्या. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते ज्यांनी वेचणीच्या वेळी किडकी बोंडं फोडून पाहिली त्यांना सांगायला नको. त्या वर्षी मीही शेतात डोमकळ्या गोळा केल्या होत्या. डोमकळी म्हणजे पूर्ण न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं कापसाचं फूल. बोटांनी अलगद उघडलं की पाकळ्या बारीक रेशमी धाग्यांनी आतून शिवलेल्या दिसतात, आणि तळाशी तपकिरी डोक्याची, अजून गुलाबी न झालेली इवलीशी अळी असते. वर्गात मुलांच्या हातात ती डोमकळी दिली तेव्हा फळ्यावरच्या आकृत्यांनी जे झालं नव्हतं ते झालं. उत्क्रांती ही डायनासोरांच्या काळात संपलेली गोष्ट नाही, हे त्यांना पटलं.

मग हिरवी बोंड अळी तितक्या लवकर का नाही निर्ढावली?

फार चांगला प्रश्न, कारण उत्तर अळीच्या ताटात आहे. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंड अळी, तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. त्या पिकांवर बीटी नाही, त्यामुळे तिथे साध्या, बीटीने मरणाऱ्या अळ्याही सुखाने वाढतात. त्यांचे पतंग कापसातल्या निर्ढावलेल्या पतंगांशी जुळतात. प्रतिकाराचं जनुक बहुधा अप्रभावी असतं, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच अळी वाचते. मिश्र जोडप्याच्या पिल्लांत ते एकाकडूनच येतं, म्हणून ती पिल्लं बीटीवर मरतात आणि प्रतिकार पसरण्याचा वेग मंदावतो.

गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ फक्त कापसावर जगते. तिच्यासाठी तूर-हरभऱ्याचं आश्रयस्थान नाही. म्हणूनच बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची आणि ती शेताच्या कडेने पेरायची असायची. अनेकांनी ती पेरली नाही. दोन-तीन एकरवाल्याला अळीसाठी ओळी सोडायला सांगणं सोपं नाही, त्यात त्यांना दोष देणं मला पटत नाही. त्या पुडीमागचं गणित त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नाही, हे दुखणं जास्त मोठं. त्यात फरदड आली. पाणी असलं की कापूस डिसेंबरनंतरही उभा ठेवायचा, म्हणजे अळीला हंगामात आणखी पिढ्या मिळतात, आणि प्रत्येक पिढी म्हणजे निवडीची आणखी एक फेरी.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित कापसाचं दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं. त्यातली साधारण चौथा हिस्सा झाडं आपोआपच नॉन-बीटी निघाली, शेतभर विखुरलेली. तिथे गुलाबी अळीतला प्रतिकार वाढण्याऐवजी उलट घटला. कुणी ठरवून केलं नव्हतं, पण आश्रयाचं तत्त्व लागू पडलं.

गरज पडली की जीव आपल्यात बदल करून घेतो, असं नाही का?

नाही. जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली, ही कल्पना फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कच्या नावाने ओळखली जाते आणि ती मनाला पटकन पटते. तिला सर्वांत सुंदर उत्तर १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञ जोडप्याने दिलं, तेही मखमलीच्या तुकड्याने. एका बशीत जिवाणूंच्या ठिपक्यांसारख्या वसाहती वाढवल्या. मखमल त्यावर हलकेच टेकवली आणि मग औषध घातलेल्या अनेक बशांवर तिचा ठसा उमटवला, जसा रबरी शिक्का उमटवतो. औषधाच्या प्रत्येक बशीत जगलेल्या वसाहती नेमक्या त्याच त्या जागी उगवल्या. म्हणजे त्या मूळ बशीतल्या ठरावीक वसाहतींचीच ती पिल्लं होती. मूळ बशीतल्या त्या जागचे जिवाणू तपासले, तर औषध कधीच न पाहता ते औषधाला पुरून उरणारे निघाले.

उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएची नक्कल करताना होणारी चूक, आधी होते. तिचा उपयोग आहे की नाही, हे नंतर परिस्थिती ठरवते. अँटिबायोटिकचा कोर्स मनाने घेऊ नका किंवा सोडू नका असं डॉक्टर सांगतात, त्यामागेही हीच निवड आहे.

‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा कायदा आहे ना?

ही म्हण माणसांच्या वागण्याबद्दल खरी असेल, नैसर्गिक निवडीबद्दल नाही. तिथे ताकदवान ‘टिकतो’ असं नसून त्या जागी, त्या वर्षी ज्याचं जमतं त्याची पिल्लं जास्त उरतात.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून गॅलापागोस बेटांपैकी डॅफनी मेजर या छोट्याशा बेटावर फिंच पक्षी मोजत होतं. प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडी, प्रत्येक चोचीचं माप वहीत. १९७७ मध्ये पाऊसच झाला नाही. बारीक, मऊ बिया भराभर संपल्या. उरली ती टणक, काटेरी फळं. ही फळं ज्या वनस्पतीची, ती आपल्या सराट्याची सख्खी बहीण, एकाच प्रजातीतली (जीनसमधली). माळावर अनवाणी चाललेल्या कुणालाही सराटा काय चीज आहे ते ठाऊक असेल. तो चोचीने फोडायचा! जाड चोचीच्या पक्ष्यांना ते जमलं, बारीक चोचीच्यांना नाही. मध्यम आकाराच्या फिंचपैकी दहांतले आठ-नऊ मेले. वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्यापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर जास्त होती, आणि पुढच्या वर्षीची पिल्लंही जाड चोचीची निघाली.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. त्या बेटावर तेवढ्यावर जीव वाचले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९८३ च्या एल निनोत बेटावर धो धो पाऊस कोसळला. वेली माजल्या, बारीक बियांचा खच पडला आणि त्यानंतर लहान चोचीवाल्यांची सरशी झाली. तेव्हा बळी कोण म्हणायचा?

प्रत्येक बदल निवडीमुळेच होतो का?

नाही, योगायोगाचा वाटा मोठा आहे आणि पुस्तकांत त्याला जागा कमी मिळते. पांढरी आणि लाल ज्वारी निम्मी-निम्मी मिसळलेल्या पोत्यातून मूठभर दाणे काढा. मुठीत निम्मे-निम्मे येतीलच असं नाही. आता तीच मूठ बियाणं म्हणून पेरा, आलेल्या पिकातून पुन्हा मूठ भरा. काही हंगामांत एक रंग नाहीसाही होईल, तोही वाईट होता म्हणून नव्हे. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. समूह जितका लहान, तितका योगायोगाचा जोर जास्त.

प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ आलं आणि जेमतेम वीसेक माणसं वाचली. त्यांच्यातल्या एकात रंग अजिबात न दिसण्याच्या दोषाचं जनुक होतं, असं मानलं जातं. आज तिथे शंभरात चार ते दहा जणांना जग करड्या छटांतच दिसतं. दोषाचा फायदा होता म्हणून तो पसरला नाही. तो वाचलेल्या मुठीत होता, एवढंच. रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल असेच ना फायद्याचे ना तोट्याचे असतात, हा विचार जपानी शास्त्रज्ञ मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडला.

एका जातीच्या दोन जाती कशा होतात?

बहुतेक वेळा वाट तुटल्याने. समूहाचे दोन भाग होतात, मध्ये दरी, नदी किंवा समुद्र येतो, जनुकांची देवाणघेवाण थांबते. दोन्हीकडे वेगळी उत्परिवर्तनं, वेगळी निवड, वेगळे योगायोग. पुरेसा काळ गेला की पुन्हा भेटले तरी जुळत नाहीत.

सह्याद्रीत याची उदाहरणं पावलोपावली आहेत, कारण उंच सडे (खडकाळ पठारं) आणि डोंगरमाथे लहान जिवांसाठी बेटांसारखेच असतात. पण मला सर्वांत भुरळ घालतो तो जांभळा बेडूक. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा, नाक टोकदार, अंग फुगीर. केरळात सापडलेल्या या बेडकाचं वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक भारतात नाहीतच. ते हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या सेशल्स बेटांवर आहेत. खारं पाणी तर बेडकाला सोसत नाही. मग? भारत आणि सेशल्स पूर्वी एकाच भूखंडाचे तुकडे होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे, दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्यातून तयार होत होता त्याच सुमारास, ते वेगळे झाले. बेडूक कुठे गेले नाहीत. त्यांच्या पायाखालची जमीन गेली.

मधल्या अवस्थांचे जीवाश्म का सापडत नाहीत?

सापडतात, आणि त्यांतले काही आपल्या उपखंडातच. देवमाशाला आपण मासा म्हणतो, पण तो पिल्लांना दूध पाजतो आणि पोहताना शेपूट वर-खाली हलवतो. मासा ती डावी-उजवीकडे हलवतो. पाठीचा कणा वर-खाली वाकवणं ही चार पायांवर धावणाऱ्या सस्तन प्राण्यांची लकब आहे.

भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटजवळून हाडं अडकलेले दगड गोळा करून ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते संशोधक हान्स थेविसन यांच्या हाती दिले. दगड साफ करताना एका कवटीचा कानाचा भाग चुकून तुटला आणि आत हाडाची एक जाड भिंत दिसली. ती तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होती. प्राणी होता मांजराएवढा, खुरांचा, ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा: इंडोहायस. हा देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे, पण त्या पूर्वजाचा जवळचा भाऊबंद. २००७ मध्ये हे जाहीर झालं. पाकिस्तानातला पाकिसेटस, पाणथळीत राहणारा अँब्युलोसेटस आणि कच्छचा कच्छिसेटस या प्राचीन देवमाशांचे जीवाश्म शेजारी ठेवले की पाय आखूड होत जाताना आणि नाकपुड्या मागे सरकताना दिसतात.

आपण माकडापासून आलो, तर माकडं अजून का आहेत?

तुमचा चुलतभाऊ आहे म्हणून तुम्ही नाही, असं होत नाही. दोघांचे आजोबा एक. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होता. तो ना माणूस होता, ना आजचा चिंपांझी. चिंपांझीला ४८ गुणसूत्रं, आपल्याला ४६. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुन्या गुणसूत्रांच्या सांध्यातून झालं आहे, आणि जोडाच्या जागी, मध्येच, टोकाला असायला हवेत ते डीएनएचे तुकडे अजून दिसतात.

दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम आहेच. मग हे आपल्याला आधीच माहीत होतं का?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही मनापासून. साम्य डोळ्यांत भरतं. भारतात येऊन स्थायिक झालेले ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनाही ते दिसलं होतं. पण अवतार एकामागून एक येतात, आणि प्रत्येक अवताराला एक कार्य असतं, हेतू असतो. उत्क्रांतीत हेतू नाही आणि रांगही नाही. ते वडाचं झाड आहे: फांद्या फुटतात, बऱ्याच वाळतात, आणि मासा आजही तितकाच ‘आजचा’ आहे जितके आपण. एकाचा पुरावा दुसऱ्यात शोधला की मुलांच्या डोक्यात पुन्हा तो जिना पक्का बसतो, आणि दशावताराच्या कथेलाही आपण न्याय देत नाही.

माणसाची उत्क्रांती आता थांबली का?

थांबलेली नाही. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता ही गुरं पाळायला लागल्यानंतरच्या काही हजार वर्षांत पसरली. युरोप आणि भारतात तिच्यामागे एकच उत्परिवर्तन आहे, पूर्व आफ्रिकेत वेगळीच.

सिकलसेलचं उदाहरण मात्र जिव्हारी लागणारं आहे, कारण गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत आपल्याच कितीतरी घरांत तो आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक. ती आई-वडील दोघांकडून आली तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, असह्य कळा येतात. एकाकडूनच आली तर माणूस बहुधा धडधाकट असतो आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत ही चूक टिकून राहिली. ती कुणाचं पाप नाही आणि कुणाच्या रक्तातला कमीपणाही नाही. आई-वडील दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांतही ही चूक एकेकाच पालकाकडून आलेली असली, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, त्यामुळे लग्नाआधी रक्त तपासून घ्यावं. तपासणी साधी आहे.

हे सगळं आसपास कुठे पाहता येईल?

पहिली जागा कुंपण. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. त्रिधारी निवडुंग आपल्याकडचा, आणि तोडला की पांढरा चीक येतो. दोघांचं कूळ वेगळं, पण कोरड्या हवेत पाणी साठवायचं तर खोड मांसल आणि अंगावर काटे, हे दोघांनीही वेगवेगळं गाठलं. मराठीने दोघांनाही एकच नाव दिलं, इतकं ते साम्य फसवं आहे.

दुसरी जागा पावसाळ्यातली कोकणातली किंवा घाटातली ओली माती. तिथे एकाच आकाराचे तीन जीव मिळू शकतात. गांडुळाला कणाच नाही. वाळा हा चिमुकला, बिनविषारी साप, अंग कोरडं, बारीक खवल्यांनी चकाकणारं. आणि नशीब असेल तर देवगांडूळ: ओलसर गुळगुळीत कातडी, अंगभर कडी, डोळे जेमतेम जाणवणारे, पण तोंडात जबडा आणि दात. तो बेडकाच्या गोतावळ्यातला उभयचर आहे. खंडाळ्याहून १९६० मध्ये वर्णन झालेल्या अशाच एका जातीचे भाऊबंद जांभळ्या बेडकाच्या नातेवाइकांप्रमाणे सेशल्सवरच आहेत. तिघांनीही माती पोखरायला तोच नळीसारखा देह घडवला, तिन्ही वेळा वेगवेगळ्या वाटेने.

देवगांडूळ दिसला तर मीठ टाकू नका, फावडं मारू नका. तो चावत धावून येत नाही आणि विषारी सापही नाही. हात ओले करून उचला, कडी पाहा, आणि ज्या दगडाखाली होता तिथेच परत ठेवा. उन्हात त्याची कातडी सुकते.